धुराकडे जाऊ नकोस, जार्नी

लुन्वा नदीच्या उगमाजवळ एक मोठं तळं आहे. त्या तळ्याकाठी जंगल मोजणाऱ्या सरकारी माणसांचा तळ पडला होता. त्यांच्याजवळ बंदुका होत्या, डब्यातल्या मांसाचा त्यांना वीट आला होता आणि त्यांची चूल दिवसभर धुमसत असायची. मार्पाची जार्नी त्याच दिशेला गेली होती. तिला त्या चुलीचा वास लागायच्या आत गाठायचं, एवढ्यासाठी मार्पा, तिचा मामा ओपोन आणि तिचा दीर प्रोको होडीत बसले होते.

जार्नी ही मूस हरणाची मादी. घोड्याहून उंच, लोंबत्या ओठांची, खांद्यावर मदार असलेली, आणि लुन्वादिन गावाच्या फार्मवर सगळ्यात दुभती. त्या फार्मवर मूस पाळतात, पण बांधत नाहीत. दिवसभर जंगलात चरायचं आणि संध्याकाळी धारेला परतायचं, हा शिरस्ता. जनावर आपल्या पायांनी परत येतं ते दोन गोष्टींसाठी.

एक म्हणजे धुरी. जून सरू लागला की जंगलातून गोमाशा, डास आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात घुसणारी चिलटं यांचे ढगच्या ढग उठतात. एवढं धिप्पाड जनावर, पण या चिमुकल्यांपुढे हात टेकतं. मग फार्मवर वाळूच्या पट्ट्यात धुऱ्या पेटवतात. खाली सुकं लाकूड, वर ओला पाला, आणि त्यावर मातीसकट कापलेल्या शेवाळाच्या लाद्या. पांढराशुभ्र धूर जमिनीलगत पसरतो. त्यात मुसांनी डोळे मिटून उभं राहायचं आणि बायकांनी खोकत खोकत धार काढायची.

दुसरी गोष्ट म्हणजे पाडस. जार्नी पहिल्यांदा व्यायली तेव्हा मार्पाने तिच्या वारेचं पाणी आपल्या बाह्यांना, केसांना फासलं आणि तिच्यापुढे गुडघे टेकले. धार काढणाऱ्या बायका तसंच करतात. खरं पाडस बाटलीवर वाढतं, आणि आई बाईलाच पाडस समजून पान्हा सोडते. जार्नीने मार्पाला कपाळापासून कोपरापर्यंत चाटून काढलं. तेव्हापासून तिच्या लेखी मार्पा हेच तिचं लेकरू. मार्पाला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा लाकडाच्या तराफ्याखाली सापडून गेला त्यालाही बरीच वर्षं झाली होती. आपल्याला रोज चाटून पुसून घेणारं या जगात कुणीतरी आहे, याचा तिला फार आधार वाटायचा, आणि हे ती कुणाला सांगायची नाही.

यंदा मात्र वसंतापासून पावसाचा थेंब पडला नव्हता. शेवाळ पायाखाली पापडासारखं मोडत होतं. जंगलात काडी ओढायची नाही, धुरीसुद्धा पेटवायची नाही, असा फार्मच्या प्रमुखांचा हुकूम निघाला. त्यात चूक काही नव्हतं. पण माशांना हुकूम वाचता येत नाही. बाकीच्या मुसा नदीच्या डोहात दिवस काढून कशाबशा परतत होत्या. जार्नी मुळातच नाजूक. एका दुपारी ती मान झाडत नदीच्या वरच्या अंगाला धावत सुटली, ती परत आलीच नाही.

तिला धूर म्हणजे माणूस आणि माणूस म्हणजे सुख, एवढंच ठाऊक होतं. वरच्या तळावरच्या माणसांना मूस दिसली की रस्सा आठवणार होता.

"वैनी, जरा वल्हं मार की," प्रोको म्हणाला. "मूस तुझी आणि हात माझे, हा कुठला न्याय?"

"तोंड मिटून मारलंस तर तुझे दोनच पुरतील," मार्पा म्हणाली. "शिवाय डास कमी जातील पोटात."

प्रोको पस्तिशीचा. होडी चालवण्यात पटाईत, गप्प बसण्यात कच्चा. पुढे बसलेला ओपोनमामा मात्र नेमका उलटा. या नदीकाठची शिकारीची वाट त्याच्या बापाची, आजाची. काठावरच्या जुन्या पाइनांवर कुऱ्हाडीने कोरलेली त्यांच्या घराण्याची खूण अजून दिसायची. प्रत्येक खुणेपाशी तो टोपीला हात लावायचा आणि पुढे बघायचा.

नदी रोडावली होती. होडी सारखी गोट्यांवर घासत होती. ते उतरून ढकलायचे, चार हात पाणी लागलं की चढायचे, पुन्हा उतरायचे. दुसऱ्या दिवशी एका धारदार खडकाने होडीचा सालीचा तळ उभा फाडला. पाणी भसाभस आत आलं. त्यांनी ती ओढून काठावर पालथी घातली आणि सामान पाठीवर घेतलं.

"घरी जाताना शिवू," प्रोको म्हणाला.

"घरी गेलो तर," मामा म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलंच वाक्य होतं.

आता खरा त्रास सुरू झाला. नदीवर निदान झुळूक होती. जंगलात पाऊल टाकताच माशा तुटून पडल्या. तिघांनी तोंडाला बर्चच्या सालीचं काळं तेल फासलं, डोक्यावरून जाळी ओढली, बाह्या दोरीने बांधल्या. तरी मनगटावर, कानामागे, जाळी जिथे गालाला टेकते तिथे नेमक्या त्या चावायच्या. संध्याकाळपर्यंत प्रोकोचा डावा डोळा सुजून बंद झाला. थांबलं की एकमेकांच्या माना, काखा तपासायच्या आणि गोचिडी उपटून फेकायच्या. माणसाला दोन हात आहेत, जाळी आहे, तेल आहे. जार्नीजवळ काय होतं?

जे होतं ते तिने सगळं वापरलं होतं. एका ओहोळाच्या काठी चिखल लोळून लोळून सपाट झाला होता. त्यात तिच्या रुंद खुरांचे ठसे होते. अंगाला चिखलाचा लेप देऊन ती उठली होती. पुढे एका बोडक्या टेकडीवर, जिथे वारा लागतो, तिथे शेवाळात तिच्या बसण्याची जागा दाबली गेली होती. आणखी पुढे एक फरचं झाड दिसलं. त्याची साल माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर घासून गुळगुळीत झाली होती आणि डिंकात करड्या केसांचे झुबके चिकटले होते.

झाडाच्या बुंध्याशी जार्नीच्या गळ्यातला घंटेचा पट्टा पडला होता.

मार्पाने तो उचलला. चामडं तुटेपर्यंत घासलेलं. आतल्या बाजूने फुगलेल्या गोचिडी चिरडून काळ्या रक्ताचा थर बसला होता. पट्ट्याखाली त्यांनी घर केलं होतं, आणि जार्नीने घर करणाऱ्यांसकट पट्टा उतरवून टाकला होता. घंटेत चिखल भरला होता. मार्पाने बोटाने तो काढला, आणि घंटा वाजली.

"हे तिने बरं केलं नाही," प्रोको म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "घंटा ऐकून तरी त्यांनी बंदूक खाली ठेवली असती. आता ती पाळलेली आहे हे कोण ओळखणार?"

"ती स्वतःच दाखवून देईल," मार्पा म्हणाली. "रानटी मूस माणसाला बघून पळते. ही सरळ चुलीपाशी जाऊन उभी राहील. मान पुढे करून."

आणि तेवढ्यात गोळीचा आवाज आला.

लांबून आला, उगमाच्या बाजूने. एकच. मग सगळं शांत. मार्पाने पट्टा खांद्यात अडकवला. मामाने कान टवकारले, दुसरी गोळी सुटते का ते ऐकलं, आणि चालायला लागला, पण मघापेक्षा भराभर.

तळ्याच्या अलीकडे दलदल आडवी आली. यंदाच्या उन्हाने वरची साय वाळली होती, खालचं पाणी तसंच होतं. जार्नीच्या खुरांची रांग सरळ मधून गेलेली. मामा काठीने ठोकत कडेने वाट शोधू लागला. प्रोकोला धीर निघेना.

"एवढ्या वजनाचं जनावर गेलं, मग मी काय दगड आहे?" असं म्हणत त्याने ठशांवर पाय टाकला. एक, दोन, चार पावलं. पाचव्याला जमीन हलली आणि तो कमरेपर्यंत आत गेला.

"हलू नकोस!" मामा ओरडला.

प्रोको हलला. कोण नाही हलणार? चिखल छातीपर्यंत चढला. मामाने काठी आडवी टाकली, स्वतः पोटावर आडवा झाला आणि सरपटत पुढे गेला. मार्पाने मागून त्याचे पाय धरले. प्रोकोच्या हातात काठी आली. ओढ! पुन्हा ओढ! चिखल सोडायला तयार नव्हता. शेवटी एक बूट ठेवून घेऊन त्याने प्रोकोला सोडलं, पण मामाही गळ्यापर्यंत बर्फगार पाण्यात भिजून निघाला.

"मुसांचे खूर पसरतात," धापा टाकत मामा म्हणाला. "तुझा फक्त जबडा पसरतो."

पण हसताना त्याचे दात वाजत होते. साठी उलटलेलं शरीर होतं ते. पुढची वाट त्याने मार्पाच्या खांद्यावर हात ठेवून काढली, आणि ते तिला बरं वाटलं नाही.

दुपार कलताना ते तळ्यावर पोचले. झाडीचं एक निमुळतं टोक पाण्यात खूप आतपर्यंत घुसलं होतं. ते त्या टोकावर आले. पलीकडच्या काठावर तंबू दिसत होते, चूल दिसत होती आणि दांडीवर वाळत घातलेलं एक मोठं कातडं दिसत होतं.

मार्पा पाण्याच्या कडेपर्यंत धावली. एवढ्या लांबून तिला रंग कळत नव्हता. मामाने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं.

"मदारीवर काळं आहे. नर आहे तो," तो म्हणाला, आणि मग बोट उचलून म्हणाला, "आणि तुझं बाळ तिकडे बघ."

टोकापासून हाकेच्या अंतरावर, पाणगवताच्या पलीकडे, दोन कान आणि एक लांबलचक नाक पाण्यावर तरंगत होतं. बाकी सगळी जार्नी पाण्याखाली होती. मधूनच नाकही बुडायचं आणि तोंडात वेलांचा घोस घेऊन वर यायचं. वर आलं की त्यावर माशांचा ढग घोंगावत उतरायचा. मग पुन्हा डुबकी.

मार्पाने धारेच्या वेळी घालते ती हाक घातली, पाडसाची, नाकातून. कान वळले. जार्नीने मान वर काढली, दोन पावलं उथळ पाण्यात आली. पाठ उघडी पडताच माशांनी ती काळी केली. तिने अंग झाडलं आणि परत खोल पाण्यात गेली. हाक ऐकू आली होती, पण बाहेर यायची तिची हिंमत नव्हती.

"आता वारा पडलाय," मामा म्हणाला. "ऊन उतरलं की इथे वारा त्या काठाकडून येतो. रोज. त्यांच्या चुलीचा धूर सरळ तिच्या नाकावर येणार."

पलीकडे एक माणूस बंदूक पुसत बसला होता.

"धुरी," मार्पा म्हणाली. "वारा सुटायच्या आत आपली धुरी."

"हुकूम आहे ना बंदीचा," प्रोको म्हणाला.

"मलाही वाचता येतं. पेटव."

प्रोकोने फार्मवर रोज करतात तशीच धुरी केली. सुकं लाकूड रचलं, पेटवलं, त्यावर ओलं गवत टाकलं, आणि फावड्याने शेवाळाच्या लाद्या मातीसकट कापून वर थापल्या. हात सवयीने चालत होते. घाईत तिघांच्याही ध्यानात आलं नाही की फार्मवर धुरी वाळूवर असते आणि लाद्या दलदलीतून आणतात. इथे त्याने जागच्या जागी जमीन सोलली होती. खाली शेवाळ कुजून झालेली काळी माती होती, कोरडी ठक्क, गोवरीसारखी पेटणारी. एरवी मामाच्या नजरेतून ते सुटलं नसतं. पण मामा थंडीने कुडकुडत, अंगाची जुडी करून पडला होता.

धूर पाण्यावर आडवा पसरला. जार्नीचं नाक वर झालं. आणि ती निघाली! पाणी कापत, फुरफुरत, सरळ धुराच्या दिशेने. काठावर आली, धुरात शिरली, डोळे मिटले आणि तिने असा काही श्वास सोडला की मार्पाला हसू फुटलं. मग मार्पाचं डोकं, कान, मान, सगळं चाटून झालं. काळ्या तेलाची चव बहुतेक आवडली नाही, तरी तिने ते सोडलं नाही.

मार्पाने तिच्या कानांतून, काखांतून गोचिडी काढल्या. एकेक करवंदाएवढी टम्म फुगलेली. कासेला हात लावला. दूध आटत आलं होतं. जेमतेम पेलाभर निघालं, ते तिने मामाला पाजलं. पलीकडच्या काठाकडून वारा सुटला तेव्हा जार्नी त्यांच्याच धुरात उभी होती, पलीकडच्या चुलीचा वास तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. जिंकलो, असं तिला वाटलं. सकाळी दोर लावून हिला न्यायचं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच अंगावर एकही माशी नव्हती. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं, त्या दिवसांत तिकडे ते मावळायचं नावच घेत नाही. तिघंही धुरात आडवे झाले आणि मेल्यासारखे झोपले.

मार्पाला जाग आली ती पाठीला चटका बसून.

जमीन गरम होती. तिने हात टेकला आणि झटकन उचलला. धूर आता पांढरा नव्हता, पिवळट होता, आणि तो धुरीतून येत नव्हता. तो मागच्या झाडांच्या मुळांतून येत होता. आग मातीखालून सरपटत त्यांच्या पाठीमागे गेली होती!

"उठा! मामा! प्रोको, ऊठ!"

त्याच क्षणी वारा गर्रकन फिरला. एक फर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम पेटलं. मग दुसरं. जमिनीकडे जाणारी वाट बंद झाली. पुढे पाणी, मागे आग.

"पाण्यात चला!" प्रोकोने मामाला काखेत धरलं. एक ओंडका काठाशी पडला होता, तो त्याने लाथेने लोटला. "वैनी, ये!"

मार्पा जार्नीचे कान धरून ओढत होती. जार्नी हलत नव्हती. चारी पाय रोवून ती उभी होती, डोळे मिटून, धुरात. ठिणग्या पाठीवर पडत होत्या, केस जळल्याचा वास येत होता, आणि तरी ती धुरात आणखी आत, आणखी दाट धुराकडे सरकत होती. कारण धूर म्हणजे सुख. हे तिला मार्पानेच शिकवलं होतं. मार्पाने तिला ढकललं. बुक्क्या मारल्या. एवढं जनावर बाईच्या बुक्कीने हलतं होय?

मग मार्पाला सुचलं. तिने जार्नीला सोडलं आणि पाण्याकडे धावली. गुडघे, कंबर, छाती. तिला पोहता येत नव्हतं. नदीकाठी जन्म गेला तरी तिथल्या बायकांना येत नाही, पाणी कायमच बर्फासारखं असतं. पुढच्या पावलाला तळ लागला नाही. नाकातोंडात पाणी गेलं. वर येऊन ती ओरडली. ही धारेची हाक नव्हती. बुडणारं पाडस ओरडतं तशी ती ओरडली, आणि त्यात नाटक थोडंच होतं.

धुरातून कान वळले.

पुन्हा पाणी. पुन्हा ती वर आली, पुन्हा ओरडली. आणि धूर फाडून जार्नी बाहेर आली! पाठीवर ठिणग्या, एक कान जळलेला, डोळे पांढरे. तिने काठावरून सरळ झेप टाकली. लाटेने मार्पा खाली गेली, हात फिरवले, आणि हाताला मदारीवरचे राठ केस लागले. तिने ते मुठीत घट्ट धरले.

जार्नी पोहत होती. मागे सगळं टोक भडकलं होतं. उष्णतेने चेहरा भाजत होता. जार्नीने डुबकी घेतली की मार्पाही श्वास कोंडून खाली जायची, जार्नी नाक वर काढायची तेव्हा तीही काढायची. माशांपासून जीव वाचवायची ती रीत आगीलाही पुरली. डावीकडे ओंडक्याला लटकलेला प्रोको दिसला, एका हाताने मामाची कॉलर धरलेली. तो शिव्या घालत होता. म्हणजे जिवंत होता.

तळ्यात गोट्यांचं एक उघडंबोडकं बेट होतं. जार्नीचे पाय तिथे टेकले. मागोमाग ओंडका येऊन थडकला.

पहाटेपर्यंत ते टोक जळून गेलं. ते जमिनीला जिथे जोडलं होतं तिथे नुसता दगडांचा पट्टा होता, आग तो ओलांडू शकली नाही. तिघं एकमेकांना चिकटून बघत होते.

"लाद्या मी कापल्या," प्रोको म्हणाला. त्याचा सुजलेला डोळा आता एकटाच ओला नव्हता.

"पेटव मी म्हटलं," मार्पा म्हणाली.

"आणि मी झोपलो," मामा म्हणाला. "बापाच्या वाटेवर आग लागली आणि मी झोपलो होतो. प्रमुखांना मीच सांगणार. मध्ये कुणी बोलायचं नाही."

जार्नी बेटाच्या पलीकडच्या टोकाला उभी होती. पाठीवर केस जळून चट्टे पडले होते. तिने मार्पाचं डोकं एकदा चाटलं होतं, आणि मग उथळ पाण्यात उतरून चरत चरत ती पलीकडच्या काठाच्या दिशेने निघाली. ऊन वाढलं तशा माशा उठल्या. आणि तळावर चूल पेटली.

निळसर धूर पाण्यावर उतरला. बंदूकवाला माणूस बादली घेऊन काठावर आला. त्याला मूस दिसली. त्याने बादली हळूच खाली ठेवली आणि मागे हात केला. कुणीतरी बंदूक आणून त्याच्या हातात दिली.

"अरे, ओ! पाळलेली आहे ती!" प्रोको ओरडला. पण रात्रभराच्या धुराने घशातून नुसता घोगरा वारा निघाला.

जार्नी धुराकडेच चालली होती. माशांचा ढग डोक्यावर. पाणी गुडघ्याएवढं. माणसाने बंदूक खांद्याला लावली. अजून थोडं, म्हणून तो थांबला होता. धुराचं टोक जार्नीच्या नाकावर आलं.

ती थबकली.

नाकपुड्या फुलल्या. कान मागे गेले, जळका आणि धड, दोन्ही. मानेवरचे केस ताठ उभे राहिले. आणि ती उलटी फिरली! पाणी उडवत, लांब ढांगा टाकत पाणगवतात घुसली. गोळी सुटली, पाण्यावर फुस्स झाली. दोन कान आणि एक नाक गवतापलीकडे, खोल पाण्यात, वारा येतो त्या बाजूला जाऊन थांबलं.

"वैनी," प्रोको कुजबुजला. "आता हाक मार. इथून ऐकेल ती. मार हाक, येईल."

येणारच होती. मार्पाला ठाऊक होतं. जार्नीचे कान तिच्याकडेच वळले होते. आपलं लेकरू बेटावर आहे, ते हाक मारेल, याची ती वाट बघत होती. मार्पाच्या घशात हाक आली होती.

घरी नेलं तर पाऊस पडल्यावर धुऱ्या पुन्हा पेटणार. जार्नी भीत भीत एक पाऊल टाकणार, मग दुसरं, आणि पुन्हा डोळे मिटून उभी राहणार. धूर म्हणजे सुख. आणि पुढल्या कोरड्या वर्षी पुन्हा कुणाची तरी चूल. एका रात्रीत ती जे शिकली होती ते मार्पाला जन्मभरात शिकवता आलं नसतं.

मार्पाच्या खांद्यावर पट्टा होता. तिने घंटेत बोट घालून लोलक घट्ट धरला, वाजू नये म्हणून. दुसरा हात तोंडावर दाबला. प्रोको काही बोलणार होता, मामाने त्याचा दंड धरला.

जार्नीने खूप वेळ वाट बघितली. मग तिने डुबकी मारली, लांब जाऊन वर आली, पलीकडच्या विलोच्या झुडपांत शिरली. एकदा फांद्या हलल्या. मग हलायच्या थांबल्या.

"आई गं," मार्पा हातामागे म्हणाली, आणि मग ती रडली, मोठ्याने, लाज न बाळगता.

तळावरची माणसं नंतर होडी घेऊन आली. आग बघून आधीच यायला हवं होतं म्हणाली, पण रात्रीच्या वाऱ्यात आणि धुरात होडी घालायचा धीर झाला नव्हता. बंदूकवाल्याने मामाला कोरडा कोट दिला, साखर घालून चहा पाजला. "काय हुशार मूस होती!" तो म्हणाला. "धुराचा वास येताच पळाली."

"रानटी असेल," मार्पा म्हणाली.

त्यांनीच फाटक्या होडीपर्यंत सोडलं. प्रोकोने होडीचा तळ शिवला, डांबर लावलं. परतीच्या पहिल्या संध्याकाळी नदीतल्या रेतीच्या बेटावर ते थांबले. माशांनी हैदोस मांडला होता. मामाने ओली वाळू लागेपर्यंत हाताने खड्डा खणला, पुन्हा पुन्हा चाचपला, आणि मगच त्यात मूठभर काटक्यांची धुरी केली.

पांढरा धूर काठावरच्या झाडीत शिरला. मार्पा बसल्या बसल्या तिकडे बघत होती. सवयच ती. आता फांद्या मोडतील, आता लोंबता ओठ दिसेल. प्रोकोही बघत होता.

धुरी विझेपर्यंत कुणी आलं नाही.

"बरं झालं," मार्पा म्हणाली. तिने पट्ट्यावरचं वाळलेलं रक्त नदीच्या पाण्यात धुऊन काढलं आणि तो पिशवीत तळाशी ठेवला.